पुढची खुर्ची

गाडीच्या नाकावर, डाव्या कोपऱ्यात माझी खुर्ची.
पत्र्याची, पातळ गादीची.
पाहुणे मागे, मध्ये बॉनेट, त्यांच्याकडं माझी पाठ.
त्यांचे चेहरे मला कॉफीच्या वेळी दिसतात,
तोवर ओळखायचं आवाजावरून:
गेंटची दातांची डॉक्टर लीव्ह, कुजबुजते तीही मोठ्यानं;
तिचा नवरा, पक्ष्यांच्या यादीवर खूण करताना
पेनचं टोपण दातात धरतो;
आणि डर्बनचं नवं जोडपं, एकाच घोंगडीत.
त्यांना सिंह नाही दिसला तरी चालणार आहे.

साडेपाचला मांड्यांवर गरम पाण्याच्या पिशव्या.
पहिल्या इम्पालाला सगळे उभे राहिले,
विसाव्याकडं कुणी बघितलं नाही.

"वाळू म्हणजे तुझं पुस्तक," काल एक जण म्हणाला.
पुस्तक कसलं.
अंगणातून चिखलाच्या पायांनी कोण गेलं
हे आईला विचारावं लागतं का?
तरस, लंगडं. मुंगसांचं बिऱ्हाड.
दव पडायच्या आधीचं साळिंदर, काटे फरफटवत.

मग मी हात वर केला. रियाननं गाडी थांबवली.
सिंहीण. पुढचा डावा पंजा, बाहेरचं बोट तिरकं.
हिला मी ओळखतो.
मागे कॅमेऱ्यांच्या चेनी उघडल्या.
मी खाली उतरून उकिडवा बसलो,
जरा जास्तच वेळ,
कारण माग कुंपणाकडं जात नव्हता,
कुंपणाकडून येत होता.

कुंपणापलीकडं माझं गाव आहे.
पाहुण्यांच्या नकाशात तिथं हिरवा रंग संपतो
आणि टायरची जाहिरात सुरू होते.

पाऊण तासानं सापडली, मरुलाच्या झाडाखाली,
उताणी, पोट तट्ट.
माश्या. एक कान हलला.
आणि मागे ती शांतता पसरली
जिच्यासाठी ही माणसं समुद्र ओलांडून येतात.
मला ती पाठीवर जाणवते, ऊन आल्यासारखी.
पेन थांबलं. डर्बनची मुलगी घोंगडीतून बाहेर आली.
लीव्ह रडत असावी;
रडताना मात्र ती अजिबात आवाज करत नाही,
फक्त नाक ओढते.
खोटं कशाला सांगू, सिंहीण मलाही सुंदर दिसली.
बारा वर्षांत ती दिसली नाही असं कधी झालेलं नाही.

"काय खाल्लं असेल हिनं?"
रियाननं माझ्याकडं बघितलं.
मी तिच्या जबड्याकडं.
ओठाला चिकटलेले तांबडे केस.
इम्पालाही तांबूसच असतो,
पण त्याचे केस असे वीतभर नसतात,
शेपटीच्या गोंड्यासारखे.
"इम्पाला," मी म्हणालो.
नवऱ्यानं लिहून घेतलं.

नऊला फाटकापाशी फोनला रेंज येते.
मिहलोतीचा निरोप:
खाझामुलाची बांडी गेली. वासरू वाचलंय.
बांडी म्हणजे त्याच्या धाकट्याच्या लग्नाच्या बोलणीतली
आठवी गाय.
भरपाईचा अर्ज चार पानी. पुराव्याला पावलांचे फोटो लागतात,
मापासकट, ऊन चढायच्या आत.
गावात तसे फोटो धड काढणारा माणूस एकच,
आणि तो दुपारपर्यंत पाहुण्यांचे धुळकट हात पुसायला
थंड रुमाल देतोय.

निघताना लीव्हनं पाकीट दिलं, दोन्ही हातांनी.
"तुम्ही हे रोज बघता," म्हणाली. "नशीबवान."
मी हो म्हणालो. अगदीच खोटं नव्हतं ते.

संध्याकाळी खाझामुलाच्या गोठ्यापाशी
परत उकिडवा बसलो.
काटेरी फांद्या आत कोसळलेल्या, शेण, वाळलेलं रक्त,
वासराच्या खुरांचा गोल गोल गोंधळ,
आणि त्यात, डावा पंजा, बाहेरचं बोट तिरकं.

"तुझीच का ही?" खाझामुलानं विचारलं.

मी पावलाशेजारी काडेपेटी ठेवली, मापासाठी,
आणि त्याला म्हणालो,
जरा बाजूला हो,
सावली पडतेय.